कणेरीची वाट आणि मोटेचं गणित

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी कसं आहे हे मेसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पाट म्हणजे जेवायला बसतात तो, एवढंच मला येत होतं. शेतातही पाट असतो आणि त्यातून पाणी वाहतं, हे मला फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर देऊन झाल्यावर कळलं! तेव्हा चुका पोटात घालून वाचा.

सबमिशन संपलं की आपण पन्हाळा नाहीतर रंकाळा गाठतो. यंदा आजी गावाहून आली होती, म्हणून तिला घेऊन कणेरीला गेले. हायवेने जाताना गोकुळ शिरगावजवळून फाटा लागतो. तिथे मठाच्या आवारात 2007 साली सुरू झालेलं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम आहे. म्युझियम म्हटलं की काचेची कपाटं आणि पेंगणारा वॉचमन डोळ्यांसमोर येतो. इथे सुरुवातीची ऋषींची गुहा सोडली की पुढे डोक्यावर सरळ आभाळ आहे. सोपी पायवाट, झाडं, गवत आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे सिमेंटचे शेकडो पुतळे. नांगरणी, गुरं, सुतार, लोहार, कुंभार, चांभार. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीने दुखऱ्या गुडघ्यांनी सगळी चक्कर पुरी केली, म्हणजे वाट किती सोपी ते समजा. एका सिमेंटच्या बैलाच्या पाठीवर खरी साळुंकी बसली होती. तिलाही फरक कळला नसावा.

आपल्या सिव्हिलवाल्यांनी इथे आणखी एक गोष्ट बघावी. उघड्यावरच्या सिमेंटच्या शिल्पात आत लोखंड असेल तर त्याला वाचवतो तो सिमेंटचा अल्कली गुण. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पावसाचं पाणी बारीक भेगांतून आत गेलं की तो गुण कमी होतो, लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि वरचा थर उडतो. म्हणून रंग हा नुसता शोभेसाठी नसतो. हॉस्टेलच्या गॅलरीचा स्लॅब वर मान करून बघा, हाच धडा तिथेही आहे.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांच्या देखाव्यापाशी आजी थांबली. मी विचारलं, "आजी, शेताला पाणी असंच घागरीने देत होते का गं?" ती हसली. "घागरीनं कुठं ऊस पिकतोय व्हय? मोट असायची." आणि तिने छत्रीच्या टोकाने मातीत चित्र काढलं.

विहिरीच्या काठावर लाकडी चौकट, तिच्यात वर मोठं चाक. त्यावरून जाड दोर जातो, तो नाडा. त्याला चामड्याची मोट. मोटेला खाली उघड्या तोंडाची सोंड असते आणि तिला वेगळी बारीक दोरी, ती सोंदूर. ही दोरी चाकावरून न जाता खाली, काठावरच्या लाकडी रुळावरून जाते. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. मोट वर येताना सोंदूर सोंडेला दुमडून वर धरते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर नाडा मोटेला आणखी वर चाकाकडे उचलतो, पण सोंदूर सोंडेला रुळावरून बाहेर ओढते. सोंडेचं तोंड मोटेतल्या पाण्याच्या पातळीखाली आलं की पाणी आपोआप थारोळ्यात, तिथून पाटात. विहिरीच्या तोंडाशी उभा राहायला माणूस लागत नाही. बैल हाकणारा एकच पुरतो.

खरी गंमत बैलांच्या वाटेची. तिला धाव म्हणतात आणि ती विहिरीपासून लांब जाताना उतरती असते. रात्री रूमवर येऊन मी गणित मांडलं. आकडे माझे, सोयीचे घेतलेले. समजा पाणी 150 लिटर, म्हणजे 150 किलो, आणि 8 मीटर उचलायचं. काम झालं 11,760 जूल. अर्ध्या मिनिटात केलं तर 392 वॉट, म्हणजे साधारण अर्धा हॉर्सपॉवर. आता प्रत्येकी 400 किलोचे दोन बैल आणि सहास एक उतार धरा. उताराच्या दिशेने त्यांचंच वजन 130 किलोच्या आसपास ओढ देतं. म्हणजे बरंचसं पाणी बैलांचं वजनच उचलतं! मग ऊर्जा फुकट आली का? नाही. मोट रिकामी झाली की बैल उलट्या पावली धाव चढतात आणि तेव्हा 10 हजार जूलच्या वर काम करतात. ओझ्याची दोन हप्त्यांत वाटणी केली, एवढंच. आजीला कागद दाखवला तर म्हणाली, "बैल दमायचं, ते कुठं लिवलंस?"

मी म्हटलं, "आजी, तुला एवढं बारीक कसं माहीत?"

"आमचा आबा मोटा शिवायचा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आबानं शिवल्याल्या मोटंचं पाणी समद्या रानाला चालायचं. प्यायच्या हिरीवर मातुर आमची घागर चालायची न्हाई. लांब हुबं ऱ्हायाचं. कुणी वरनं वतलं तर वतलं."

हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांनाही मी फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "तुझा पेपर कधी आहे?"

मी लायब्ररीत वाचलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा हुकूम 1919 सालीच काढला होता. 1950 साली लागू झालेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात तर विहिरींचा नावानिशी उल्लेख आहे. आजीची घागर लांब थांबायची ती त्याच्याही नंतर, पन्नासच्या दशकात.

कणेरीच्या गावात सगळे आपापल्या जागी समाधानाने काम करताना दिसतात. शिल्पं सुंदर आहेत, आणि तिथे गेले नसते तर मोट मला कळलीच नसती, हेही खरं. पण विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी असलेली एखादी मुलगी मला तिथे दिसली नाही. चांभाराच्या पुतळ्यापासून विहिरीपर्यंत किती पावलं आहेत ते मोजायचं मी विसरले. येत्या शनिवारी परत जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी नाश्त्याच्या वेळी मेसमध्ये सांगा.