वेगळी जागा, वेगळी शाळा

शास्त्रभाग : याकोब २:१-९

मुख्य विचार : जागा दिली म्हणजे न्याय झाला असे नाही.

याकोबाच्या पत्रातील सभास्थान डोळ्यांपुढे आणा. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा मिळते व मळकट वस्त्रे नेसलेल्याला पायाशी बसावे लागते. जागा दोघांनाही मिळाली. तरीही प्रेषित त्याला पक्षपात म्हणतो. अमेरिकेतील शाळांच्या इतिहासावरून हा मुद्दा चांगला ध्यानात येतो.

१. बसगाडीची मागणी

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीच्या डब्यांविषयीच्या एका खटल्यात 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले. त्याच आधारावर दक्षिणेकडील राज्यांत काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. साउथ कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन जिल्ह्यात १९४९-५० साली दर गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत, तर काळ्या मुलामागे ४३ डॉलर. गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या होत्या. काळ्यांसाठी एकही नव्हती. मुले मैलोगणती चालत जात.

तेथील पाळक व शिक्षक रेव्ह. जोसेफ डिलेन यांनी पालकांना धीर दिला. १९४७ साली प्रथम मागितली ती केवळ बसगाडी. ती नाकारली गेली. १९४९ साली शंभराहून अधिक जणांनी अर्जावर सह्या केल्या. पहिली सही करणारे हॅरी ब्रिग्ज व त्यांची पत्नी एलायझा या दोघांचीही नोकरी गेली. डिलेन यांचे घर जळाले, १९५५ साली त्यांचे उपासनामंदिरही जाळण्यात आले, आणि त्यांना ते राज्य सोडावे लागले.

२. न्यायालयाचा निर्णय

क्लॅरेंडनसह पाच ठिकाणचे दावे सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आले. त्यांतील कॅन्सस राज्यातील टोपेका येथे दोन्ही प्रकारच्या शाळांच्या इमारती व शिक्षक जवळजवळ सारख्याच दर्जाचे होते. म्हणून खरा प्रश्न उघडा पडला : सर्व काही सारखे असले, तरी रंगावरून मुलांना वेगळे काढणे हाच अन्याय नव्हे काय? १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने होय असे उत्तर दिले. वेगळे काढल्याने मुलाच्या मनात आपण कमी आहोत ही भावना रुजते, असे त्यांनी म्हटले. पायाशी बसवलेल्या माणसाची व्यथा हीच नाही काय?

३. निर्णयानंतर

निकाल लागला, पण अंतःकरणे पालटली नाहीत. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने १९५९ ते १९६४ पर्यंत सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. बहुतेक काळी मुले शाळेवाचून राहिली. पुढे दक्षिणेत अशा अनेक खाजगी शाळांना मंडळ्यांनीच आपल्या इमारती दिल्या, ही दुःखाची गोष्ट आहे.

शिवाय तेथील शाळांचा बराच खर्च स्थानिक घर-जमिनीच्या करातून चालतो. ज्या वस्तीत घरे महाग, तेथे शाळेला पैसा अधिक. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध मानली नाही. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात, शहराबाहेरच्या गोऱ्या वस्त्यांच्या शाळांना शहरातील शाळांशी जोडण्यास त्याने नकार दिला. त्यामुळे कायद्याने भेद मिटला, तरी वस्त्यांच्या सीमांवर तो आजही पुष्कळ ठिकाणी उभा आहे.

४. बोध

एका उपासनामंदिराच्या पाळकाने मुलांसाठी सर्वस्व पणाला लावले. दुसऱ्या उपासनामंदिरांनी आपल्या छपराखाली भेदाला आसरा दिला. दोन्हीकडे तेच शास्त्र वाचले जात होते. वाचणे पुरेसे नाही, हेच याकोब आपणांस सांगतो.

वर्गात चर्चेसाठी :

(१) जागा देऊनही पक्षपात कसा होतो?

(२) डिलेन यांनी बसगाडीपासून आरंभ का केला असेल?

(३) आपल्या शब्बाथशाळेत मागे बसणारे मूल कोण आहे, आणि ते मागे का बसते?