भ्रम आणि विप्रलिप्सा



खोटे बोलू नये, हे शरणांनी निक्षून सांगितले. परंतु चुकीचे निघालेले प्रत्येक बोलणे खोटे असते काय? आपल्या शास्त्रकारांनी वक्त्याचे चार दोष मानले आहेत : भ्रम, प्रमाद, करणापाटव आणि विप्रलिप्सा. विपरीत समजणे हा भ्रम, बेसावधपणा हा प्रमाद, इंद्रिये तोकडी पडणे हे करणापाटव. या तिहींत वक्ता स्वतःच फसलेला असतो. विप्रलिप्सा म्हणजे दुसऱ्यास फसविण्याची इच्छा. असत्य ते हेच. ऐकणाऱ्याचे नुकसान मात्र चारींत सारखे होऊ शकते, म्हणून आपली गल्लत होते.

धार येथे 1875 साली मिळालेली एक संगमरवरी देवीमूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पीठावर संवत् 1091, म्हणजे इ. स. 1034 चा लेख आहे; काही अक्षरे झिजलेली. त्यातील 'वाग्देवी' हा शब्द पाहून 1924 मध्ये ओ. सी. गांगुली व के. एन. दीक्षित यांनी ही भोजराजाची सरस्वती, असे प्रसिद्ध केले. पुढे 1980-81 च्या सुमारास किरीट मनकोडी यांनी हरिवल्लभ भायाणी यांच्या वाचनाच्या आधारे दाखविले की, वररुचीने आधी वाग्देवी घडविली, मग तीन जिनमूर्ती, आणि त्यानंतर ही अंबेची मूर्ती, असे लेख सांगतो. मूर्ती जैन अंबिकेची ठरली. (भोजशाळेच्या जागेचा वाद निराळा, त्यात येथे शिरत नाही.)

गांगुली-दीक्षितांस लबाड म्हणाल काय? मुळीच नाही. अक्षर झिजले की डोळा तोकडा पडतो. शिवाय त्यांनी आपले वाचन उघड छापले, म्हणून तर ते तपासता आले. परंतु नवे वाचन ठाऊक असून, ते दडवून, जो आज तेच वाक्य बोलतो, त्याचे काय? शब्द तेच, दोष बदलला. नवे वाचन पटत नाही, असे कारणे देऊन म्हणणारा मात्र या पंक्तीत बसत नाही.

देवासला बँक नोट प्रेस आहे. छपाईत सदोष निघालेल्या नोटेच्या जागी रिझर्व्ह बँक जी नोट घालते, तिच्या क्रमांकात तारा असतो. 2023 मध्ये अशा नोटा बनावट असल्याची आवई उठली आणि बँकेला खुलासा करावा लागला. चूक सुधारल्याची खूणच लोकांना लबाडीची वाटली!

खरी बनावट नोट नकळत तुमच्या हाती आली, तर तुम्ही फसलेले आहात, दोषी नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे 179 वे कलमही, नोट बनावट आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, ती चालविणाऱ्यालाच धरते. 'मानण्यास कारण असून' हे शब्द नीट वाचा. शंका आली म्हणून उजेडात न पाहताच, सायंकाळच्या गर्दीत भाजीवालीच्या हाती ती सरकविणारा 'मला कुठे ठाऊक होते' असे म्हणू शकत नाही. बँकेत नेली तर तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतात आणि पोच देतात. पैसे मिळत नाहीत.