थायरॉइड संप्रेरकाची औषधे : निवड कशी व कशासाठी?

मानेच्या पुढील भागात असलेली थायरॉइड अथवा अवटू ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग राखते. तिचा स्राव कमी पडला म्हणजे थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. उणीव कायमची असल्यास ते संप्रेरक बाहेरून पुरविणे हाच उपचार होय. आयोडीनयुक्त मीठ आवश्यक असले, तरी ते या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

तीन प्रकारची औषधे

१८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून हा उपचार प्रथम यशस्वी केला. पुढे प्राण्यांच्या वाळविलेल्या ग्रंथींच्या गोळ्या अनेक दशके प्रचारात होत्या. १९२७ मध्ये थायरॉक्सिन म्हणजे टी-४ प्रयोगशाळेत तयार झाले, तर १९५२ मध्ये टी-३ या दुसऱ्या संप्रेरकाचा शोध लागला.

टी-३ अधिक प्रभावी, मग तेच का देऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १९७० मध्ये मिळाले. शरीर आपल्या गरजेप्रमाणे टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर करते, असे तेव्हा सिद्ध झाले. टी-४ रक्तात अनेक दिवस टिकते. म्हणून रोज एक गोळी पुरते व पातळी स्थिर राहते. टी-३ ची पातळी काही तासांतच चढते व उतरते. त्यामुळे छातीत धडधड होऊ शकते. डुकराच्या ग्रंथीच्या गोळ्यांत टी-३ चे प्रमाण मानवी ग्रंथीतील प्रमाणापेक्षा बरेच अधिक असते. या कारणांनी टी-४, म्हणजेच लेव्होथायरॉक्सिन, हे प्रथम पसंतीचे औषध ठरले असून राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत त्याचा समावेश आहे. टी-३ चा वापर विशेष प्रसंगी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा.

गर्भवती व नवजात बालक

गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभीच्या महिन्यांत मातेच्या टी-४ वर अवलंबून असते. ‘औषध बाळाला बाधेल’ या भीतीने गोळी बंद करणे म्हणूनच घातक होय. उलट, या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. गर्भधारणा कळताच डॉक्टरांना भेटावे. जन्मतःच ही उणीव असलेल्या बालकास पहिल्या दोन आठवड्यांत उपचार मिळाल्यास मतिमंदत्व टाळता येते.

घेण्याची पद्धत

गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर घ्यावी. गर्भवतींना मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात. त्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासणी करावी. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये.

हे चार नियम शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्यसेविका यांनी घरोघरी समजावून सांगितल्यास अनेक मातांचे व बालकांचे आरोग्य सुरक्षित राहील.