छायाचित्रकाराची रोजनिशी

गवई रोज पहाटे रियाजाला बसतो, मल्ल रोज तालमीत उतरतो, आणि याचे कोणाला नवल वाटत नाही. छायाचित्रकाराच्या बाबतीत मात्र निराळी समजूत रूढ आहे. लग्न, जत्रा, सहल किंवा एखादा विलक्षण सूर्यास्त समोर आला म्हणजे त्याने कॅमेरा हाती घ्यावा. एरवीच्या दिवसांत टिपण्याजोगे काही नसते, असे आपण धरून चालतो. या समजुतीमुळे दोन प्रकारचे नुकसान होते. प्रसंग येतो तेव्हा डोळा आणि हात सरावलेले नसतात. आणि ज्या साध्या दिवसांनी आपले बहुतेक आयुष्य बनलेले असते, त्यांची काही खूण मागे राहत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. रोज एक छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी त्याखाली चार ओळी लिहाव्यात. तीन छायाचित्रकारांच्या उदाहरणांवरून या नेमाचे स्वरूप प्रथम पाहू. नंतर तो बंगळूरजवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या आधुनिक वसाहतीत कसा चालवता येईल, याचा विचार करू.

लिहिणारा छायाचित्रकार

अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) हे विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ छायाचित्रकार होत. १९२३ साली ते मेक्सिकोला गेले. तेथील वास्तव्यात आणि पुढे कॅलिफोर्नियात परतल्यावरही त्यांनी अनेक वर्षे रोजनिशी लिहिली. घरातील माणसे उठण्यापूर्वी, भल्या पहाटे लिहिण्याचा त्यांचा परिपाठ होता. पैशाची चणचण, गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी, फसलेली चित्रे, कालच्या कामाविषयीचे असमाधान, असे सारे त्या वह्यांत आहे. त्यांच्या निधनानंतर १९६१ आणि १९६६ साली या रोजनिशीचे दोन खंड नॅन्सी न्यूहॉल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले.

वेस्टन यांचे एक अतिशय गाजलेले चित्र ढोबळ्या मिरचीचे आहे. ते १९३० च्या ऑगस्टमधील. त्याच्या नावात ३० हा क्रमांक आहे, आणि तो क्रमांकच पुष्कळ काही सांगतो. बाजारात मिळणारी ही भाजी त्यांनी पुनःपुन्हा निरखली होती. तिची चित्रे त्यापूर्वीच्या वर्षांतही घेतली होती. पार्श्वभूमीचा प्रश्न सुटत नव्हता. अखेरीस मिरची टिनाच्या नरसाळ्यात ठेवल्यावर तो सुटला; नरसाळ्याच्या उतारावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने तिच्या वळणांना उठाव आला. हे एका क्षणाच्या स्फूर्तीचे फळ म्हणता येणार नाही. काय जमले नाही, हे ज्याने लिहून ठेवले आहे, त्यालाच दुसऱ्या दिवशी पुढचा प्रयत्न नेमका कोठून सुरू करावा हे कळते. लेखनाचा छायाचित्रकाराला होणारा पहिला लाभ हा होय.

सेवाग्राममधील तीन अटी

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात कनू गांधी (१९१७–१९८६) हे महात्मा गांधींच्या सेवेत होते. नात्याने ते गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना छायाचित्रणाकडे वळण्यास उत्तेजन दिले. आश्रमाकडून कॅमेऱ्यासाठी पैसे मिळणे शक्य नव्हते. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी अनुमती दिली ती तीन अटींवर: झगमगता कृत्रिम प्रकाश वापरायचा नाही, मला कधीही विशिष्ट रीतीने बसण्यास सांगायचे नाही, आणि या कामाचा खर्च आश्रम करणार नाही.

आज या अटी जाचक वाटतील. परंतु त्यांतूनच कनू गांधींची दृष्टी घडली. प्रसंग निर्माण करता येत नव्हता, म्हणून वाट पाहणे भाग होते. दिवा वापरता येत नव्हता, म्हणून झोपडीच्या दारातून कोणत्या वेळी किती उजेड आत येतो याचे ज्ञान अपरिहार्य झाले. १९४८ पर्यंतच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी टिपलेले गांधीजी सभेतल्या पुढाऱ्यापेक्षा वेगळे दिसतात. कधी ते सेवाग्रामच्या कार्यालयात दूरध्वनीवर बोलत आहेत, कधी आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हरिजन फंडासाठी पैसे गोळा करीत आहेत. त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर रोज उभे राहणाऱ्याला अशी चित्रे लाभतात. एका दिवसापुरता आलेला पाहुणा, मग तो कितीही कुशल असो, सहसा चेहरा तेवढा घेऊन जातो.

दिवसाला एक

तिसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन यांचे. ३१ मार्च १९७९ या दिवसापासून त्यांनी पोलरॉइड कॅमेऱ्याने दररोज एकच चित्र घेण्यास प्रारंभ केला. या कॅमेऱ्यातून निघालेला कागद काही मिनिटांत आपोआप उमटतो; मागाहून त्यात दुरुस्ती करता येत नाही. हा क्रम अठरा वर्षांहून अधिक काळ चालला आणि सहा हजारांपेक्षा जास्त चित्रे जमली. ताटातले जेवण, मित्रांची बैठक, रस्त्याचा तुकडा, असे त्यांतील विषय. यांतील कित्येक चित्रे एकेकटी पाहिली तर सामान्य वाटतात. परंतु ती क्रमाने लावली की मैत्री, विवाह, आजार, सारे आयुष्य उलगडत जाते. शेवटचे चित्र २५ ऑक्टोबर १९९७ चे, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दिवसाचे आहे. २००७ साली मित्रांनी या संग्रहाचे प्रदर्शन भरवले. प्रत्येक चित्राला आपली तारीख होती, म्हणूनच त्या ढिगाचे चरित्र होऊ शकले.

इलेक्ट्रॉनिक सिटी: सरावाची जागा

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मेक्सिको, सेवाग्राम किंवा न्यूयॉर्क यांसारखे रम्य अथवा ऐतिहासिक स्थळ ज्याच्या वाट्याला आलेले नाही, त्याने काय करावे? नोकरीसाठी पुण्या-कोल्हापुराकडून इलेक्ट्रॉनिक सिटीत येऊन राहिलेला तरुण हेच विचारतो. काचेच्या इमारती, उड्डाणपूल, वाहनांची रांग. यात काढण्यासारखे काय आहे?

आहे ते असे. १९७६ साली स्थापन झालेल्या केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने, पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेनुसार, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर १९७८ मध्ये ही वसाहत उभारण्यास घेतली. १९९४ मध्ये इन्फोसिसचे आवार येथे सुरू झाले. २०१० च्या जानेवारीत होसूर रस्त्यावरील सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथून धावू लागली. एका माणसाच्या हयातीत शेतजमिनीची औद्योगिक नगरी झाली. असा बदल उद्घाटनाच्या दिवशी घडत नाही. तो रोज थोडा थोडा घडतो. एक झाड जाते, एक खांब उभा राहतो, चहाची टपरी पलीकडे सरकते. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण येथे लागू पडते. उद्घाटनाची छायाचित्रे वृत्तपत्रे घेतात. टपरीचे घेणारा कोणी तरी रोज तेथून जाणाराच असावा लागतो.

निसर्गही येथे अगदीच लोपलेला नाही. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम दीड तासाचा फरक पडतो, आणि सूर्य वर्षातून दोनदा, २४ एप्रिल व १८ ऑगस्टच्या सुमारास, भर मध्यान्ही डोक्यावर येतो. त्या वेळी सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच लोपते. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, एरवी उत्तरेकडे. जेवणाच्या सुट्टीत एकाच जागेवरून एकाच खांबाचे चित्र घेणाऱ्याला हे भूगोल पुस्तकाविना शिकता येईल. वर्षारंभी टॅबेबुयाचा गुलाबी बहर, एप्रिलमधील वळवाचे ढग, पावसाने भिजलेल्या रस्त्यावरचे दिव्यांचे प्रतिबिंब, यांचीही नोंद आपोआप होत जाते.

नेम कसा चालवावा

१. क्षेत्र लहान ठेवावे. घरापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता वर्षभरासाठी पुरेसा आहे. साधन कोणतेही चालेल. भ्रमणध्वनीतील कॅमेराही पुरतो.

२. त्या दिवशी दहा चित्रे घेतली तरी रात्री एकच निवडावे. निवड करणे हाच या अभ्यासाचा गाभा होय.

३. चित्राखाली तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. मग तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: मी येथे का थांबलो? काय साधले नाही? उद्या काय पाहावयाचे? ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ अशी विशेषणे टाळावीत. त्यांतून काही कळत नाही.

४. एखादा दिवस चुकला तर ते पान कोरे सोडावे. जुने चित्र त्या जागी चिकटवू नये. कोऱ्या पानाने नेम मोडत नाही, खोट्या तारखेने मोडतो.

५. माणसांचे चित्र घेताना परवानगी विचारावी. पहारेकरी, सफाई कामगार, बांधकामावरील मजूर हे आपल्या वहीसाठी उभे केलेले नमुने नव्हेत. कंपन्यांच्या आवारात चित्रे घेण्यास बहुधा मनाई असते, ती पाळावी. विचारण्यापुरते तरी कन्नड शिकून घ्यावे. रोज भेटणाऱ्या माणसाला त्याच्या चित्राची एक प्रत दिली तर ओळख वाढते, आणि पुढची चित्रे त्या ओळखीतून येतात.

६. महिनाअखेरीस सर्व पाने एकदम वाचावीत. कोणता विषय पुनःपुन्हा आला, कोणता टाळला गेला, हे तेव्हा लक्षात येते. दहा-बारा निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि सर्व संग्रहाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. भ्रमणध्वनी हरवला तर त्याबरोबर वर्ष हरवू नये.

एक धोका येथे सांगितला पाहिजे. रोजच्या नेमाला यांत्रिकपणा येऊ शकतो. झोपण्यापूर्वी खिडकीतून घाईने एक चित्र घ्यायचे आणि सुटायचे, असे काही दिवस होतेच. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र सलग आठवडाभर तसे झाले तर जागा तीच ठेवून वेळ बदलावी. संध्याकाळी जाणाऱ्याने पहाटे जावे. ओळखीचा रस्ता त्या वेळी अनोळखी होतो.

अभ्यास: येत्या तीस दिवसांत आपल्या वाटेवरील एक झाड, एक दुकान किंवा एक खांब निवडावा. रोज त्याचे एक चित्र घेऊन वरील तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. तिसाव्या दिवशी पहिले आणि शेवटचे पान शेजारी ठेवून, त्या वस्तूत काय बदलले आणि आपल्या पाहण्यात काय बदलले, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत मांडावे.