ओंडका ठरवतो शेडची लांबी : लहान सॉ मिलच्या शेडमधून गणित आणि परिसर अभ्यास



आपल्या राहाता परिसरातल्या मुलांना शेड काही नवीन नाही. गोठा, कांदाचाळ, गॅरेज, पेरूच्या बागेतली पत्र्याची खोली, सगळीकडे तेच. पण ‘शेड किती लांब बांधायचं?’ असं विचारा, उत्तर येतं, “जागा असेल तेवढं!” मोठी माणसंही बऱ्याचदा असंच करतात. सॉ मिलसाठी मात्र हे उत्तर चालत नाही.

एका पालकांच्या मनात लहानशी सॉ मिल टाकायचं होतं. बांधावरची बाभूळ, निंब, निलगिरी कापून चौकटी आणि फळ्या करायच्या. “मुलांकडून शेडचा हिशेब करून घ्या की,” असं ते हसत म्हणाले आणि मी तो खरंच वर्गात घेतला. सहावी-सातवीला छान जमतो.

हिशेबाआधी एक गोष्ट पालकांसाठी. सॉ मिलला वनविभागाचा परवाना लागतो. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून जे आदेश दिले, त्यांनंतर नवीन परवान्यांवर कडक बंधनं आली. २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि लाकडाच्या उपलब्धतेचा विचार करून निर्णय घेण्याचं काम राज्यस्तरीय समितीकडे आलं. म्हणून आधी परवान्याची चौकशी, मग पायाचा खड्डा. उलटं केलं तर उभं शेड गोठा म्हणून वापरायची वेळ येते.

आता मैदानावर चला. फक्की, दोरी, मोजपट्टी आणि १२ फुटांचा एक बांबू घ्या. बांबू म्हणजे आपला ओंडका. एक मुलगा जागेवर उभा करा, तो झाला करवतीचा पट्टा. ट्रॉलीवरचा ओंडका पट्ट्याच्या अलीकडून निघतो आणि पूर्ण कापला जाईपर्यंत पलीकडे जातो. मुलांना बांबू हळूहळू सरकवायला सांगा. अलीकडे १२ फूट, पलीकडे १२ फूट, म्हणजे २४ फूट तर नुसत्या ओंडक्यालाच लागले. ट्रॉली ओंडक्यापेक्षा लांब असते आणि दोन्ही टोकांना माणसाला मागे सरायला जागा हवी. म्हणून दोन्हीकडे ६-६ फूट वाढवा. झाले ३६ फूट. रुंदी आपण २४ फूट धरू. आयताची लांबी कुठून येते, हे मुलांना इथे चालून कळतं.

पुढचा प्रश्न खांबांचा. मुलं सरळ भागाकार करतात, ३६ भागिले ३, दर १२ फुटांवर खांब. करू द्या. मग त्यांनाच बांबू आडवा धरून दोन खांबांमधून आत आणायला सांगा. बांबू अडकतो! ओंडके ज्या बाजूने येतात तिथे दोनच गाळे, १८-१८ फुटांचे, आणि वर जाड तुळई. मागच्या बाजूला १२ फुटांचे तीन गाळे चालतील. पुढे ३ खांब, मागे ४, एकूण ७.

पाया म्हटला की आपली काळी माती आलीच. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. ट्रॉलीचे रूळ मातीबरोबर हलले तर फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ निघते. यंत्राचा पाया खांबांपासून वेगळा ठेवतात, नाहीतर हादऱ्यांनी शेडचे बोल्ट ढिले होतात.

छताचं काय? छप्पर खाली पडू नये म्हणून सगळे काळजी घेतात, पण वळवाच्या वादळात पत्रा वर उडतो. उघड्या शेडमध्ये वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा, दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० चा वर्ग ४००, दाब २४० न्यूटन, म्हणजे साधारण २४ किलो वजनाएवढा. आणि तेवढ्याच पत्र्याचं वजन? जेमतेम ४ ते ५ किलो! आपलं शेड सुमारे ८० चौरस मीटर, म्हणजे एकूण ओढ दोन टनांच्या आसपास. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते.

सात खांबांत वाटली तर प्रत्येकाला अंदाजे २८० किलो. एक घनफूट काँक्रीट ६५-७० किलो भरतं, म्हणजे खांबामागे चारेक घनफूट तरी हवंच. हा वर्गातला हिशेब आहे बरं का, प्रत्यक्ष बांधताना अभियंत्याकडून नकाशा करून घ्यायचा. तो जोराचा वारा धरूनच माप देईल. पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची खांबाला आणि खांब काँक्रीटला पक्का हवा. पैसे वाचवायला बोल्ट कमी मारणं मला तरी पटत नाही. खाली माणसं काम करत असतात.

भुसा रोज काढायचा, वायरिंगपासून लांब ठेवायचा, तो पटकन पेट घेतो. क्षेत्रभेट न्यायचीच असेल तर यंत्र बंद आणि वीज तोडलेली असेल अशाच दिवशी, मालकाची परवानगी घेऊन. चालू पट्ट्याजवळ मुलं नकोतच, मालकाची स्वतःची असली तरी.

आता पत्र्याची खरेदी. जमिनीचं क्षेत्रफळ ३६ × २४ = ८६४ चौरस फूट. मुलं तेवढाच पत्रा मागवतात. मैदानावर काटकोन आखा, एक बाजू १२ फूट (अर्धी रुंदी), दुसरी ५ फूट (कैचीची उंची). टोकं दोरीने जोडा. दोरी बरोबर १३ फूट भरते. दोन्ही उतार मिळून १३ × २ × ३६ = ९३६ चौरस फूट. चढावण आणि बाहेर काढलेली पानपट्टी धरायच्या आधीच ७२ चौरस फुटांचा फरक! एक पाऊस ५० मिलिमीटर झाला तर याच छतावरून सुमारे ४००० लिटर पाणी ओघळेल. ते पन्हळीने बाजूला न्यायचं, पायाजवळच्या काळ्या मातीत मुरू द्यायचं नाही.

घरचा अभ्यास : कैचीची उंची ५ ऐवजी ३ फूट केली तर उतार किती लांब होईल? सूत्र सांगू नका. दोरी द्या आणि मोजू द्या, १२ फूट ४ इंचांच्या थोडी पुढे जाईल.