पोटातली फट

१. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन पूर्वीइतकं उतरलं, पोट मात्र पुढेच. "भात बंद कर," असं घरीदारी सगळ्या बायका सांगायच्या. पण हे पोट सुटणं नव्हतं. बेंबीच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू मधल्या पांढऱ्या पट्टीने जोडलेले असतात. गर्भ वाढताना ती ताणून रुंद होते. बाळंतपणानंतर अनेकींची आपोआप आवळते, काहींची सैलच राहते आणि स्नायूंमध्ये फट उरते.

२. ही फट तपासायला उताणं पडून गुडघे दुमडा, बोटं बेंबीच्या वर आडवी टेकवा आणि डोकं जरासं उचला. दोन बोटांहून जास्त जागा जाणवली, तर फिजिओथेरपिस्टना दाखवा.

३. व्यायाम सगळ्यात आधी, आणि तो श्वासापासून. फिजिओथेरपिस्टनी माझा हात ओटीपोटावर ठेवून शिकवलं: श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखं आवळायचं, बेंबी अलगद आत घ्यायची, मग एक टाच हळूहळू सरकवत पाय लांब करायचा. करताना पोटाच्या मध्यावर उंचवटा दिसला, की तो व्यायाम आत्ता आपला नाही. म्हणून झोपून उठण्याचे क्रंचेस तेव्हा नकोत. अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने उठायचं. माझी फट पूर्ण मिटलेली नाही. पण पाण्याची बादली उचलताना कंबर धरायची, ती आता धरत नाही. माझ्या लेखी हे सपाट पोटापेक्षा मोठं आहे.

४. पोटाला बांधायचा पट्टा आधार देतो, ताकद देत नाही.

५. वजन घटवल्याने फट शिवली जात नाही. मात्र पोटाच्या आतली चरबी त्या पट्टीला सतत बाहेर ढकलत असते, तो दाब कमी होतो. ढेरी असलेल्या पुरुषांनाही हा त्रास होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला मात्र उपाशी ठेवू नका.

६. माझ्या मैत्रिणीने नेटाने व्यायाम करूनही फट रुंदच राहिली, शिवाय बेंबीपाशी हर्निया. तिने ऑपरेशन करून घेतलं. त्यात स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, हवी तर सैल त्वचाही काढतात. तिला 'नटवी' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणखी मूल हवं असेल तर थांबावं, कारण पुढच्या गरोदरपणात जवळ आणलेले स्नायू पुन्हा ताणले जाऊ शकतात. विम्याचं आधी लेखी विचारावं. सौंदर्याचं ऑपरेशन म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. आणि नंतर काही आठवडे मूल कडेवर घेता येत नाही, तेव्हा त्याला कोण उचलणार, हे तारीख घेण्याआधी घरात ठरवून घ्यावं.