घरघरणारें पिलूं

पेण येथील गणपतीच्या एका कारखान्यांत सांपडलेलें तीन महिन्यांचें मांजराचें पिलूं सध्यां रोहें येथें आमच्यापाशीं नव्या घराची वाट पाहत आहे. तें वारंवार शिंकतें, आणि श्वास घेतांना त्याची घरघर ऐकूं येते. मूर्तींच्या मातीची धूळ बाधली असावी, असें आम्हांस प्रथम वाटलें. धुळीनें त्रास वाढतो खरा. परंतु पशुवैद्यांनीं मूळ निराळेंच सांगितलें.

माणसांस नागीण ज्या कुळांतील विषाणूमुळें होते, त्याच कुळांतील एक विषाणु मांजरांस ग्रासतो. कोवळ्या वयांत तो नाकांतील पातळ, गुंडाळलेल्या हाडांस इजा करितो. मग तेथें शेंबूड साचून इतर जंतु वाढतात. ताप उतरला तरी विषाणु मज्जातंतूंत दडून राहतो, आणि घर बदललें किंवा भय वाटलें कीं पुन्हां डोकें वर काढतो. माणसांस तो बाधत नाहीं. (फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यास मात्र आपला इन्फ्ल्युएंझा सहज जडतो, त्याच्याच साह्यानें १९३३ सालीं लंडन येथें त्या रोगाचा विषाणु सांपडला.)

वास न आल्यास मांजर अन्नास तोंड लावीत नाहीं. म्हणून आम्ही मासळी कोमट करून देतों, व वाफ भरलेल्या न्हाणीघरांत त्यास थोडा वेळ ठेवितों. उदबत्तीचा धूर नको. माणसांचें पॅरासिटामोल तर मांजरास विषच होय. तोंड उघडून धापा टाकूं लागल्यास तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावें.

ज्यांच्या घरीं दुसरें मांजर नाहीं, त्यांनींच विचारावें. हा रोग समूळ जाणार नाहीं, हें आम्ही प्रत्येकास आधींच सांगतों. तें ऐकून दोन कुटुंबें परत गेलीं.